भार्गवचं दुसरं यान आणि इंदुताईंचं परीक्षण

मंडळी, ऐका! झांजा जरा खाली ठेवा, पंखा एक घर कमी करा, आणि एक साधा प्रश्न विचारतो त्याचं उत्तर मनातल्या मनात द्या. जो आपल्याला "वा, छान!" म्हणतो, त्याला आपण चहा पाजतो. बरोबर? पण जो तोंडावर म्हणतो, "नाही रे, या वेळी नाही जमलं तुला" — त्याला काय द्यायचं? ... कोण म्हणालं "फटका"? पेटीवाले, ऐकलं हं मी!

याचं उत्तर शोधायला आज तुम्हाला लंकेला नेत नाही, द्वारकेला नेत नाही. आज आपण चाललोय सिनेमाला! — मागच्या आजी बघा कशा सावरून बसल्या!

तर, कोल्हापुरात भार्गव हेरवाडकर नावाचा एक दिग्दर्शक. उंच, काटकुळा, बोलायला तिखट, पण मनानं हळवा. त्यानं एक सिनेमा काढला — 'शेवटचं यान'. गोष्ट काय? आकाशात भरकटलेलं एक यान. बरोबरचे सगळे आजारी पडलेले. एकटी वैमानिक मुलगी ते यान घरी आणतेय. आणि तिचा डोळा लागू नये म्हणून रेडिओवरून तिचे वडील तिला गावाकडच्या गमती सांगताहेत. बस! एवढीच गोष्ट. आणि यान कसलं हो? गुळाच्या बंद गोदामात पत्रे ठोकून उभं केलेलं!

सिनेमा लागला, पण बघायला कुत्रं नाही. थिएटरवाला म्हणाला, "भार्गवराव, शुक्रवारी उतरवतो." आणि नेमकं रविवारच्या पेपरात परीक्षण आलं. लिहिणाऱ्या इंदुमती वर्टीकर — सगळे त्यांना इंदुताई म्हणायचे. अर्धं आयुष्य सिनेमे बघण्यात आणि त्यांच्यावर लिहिण्यात गेलेली बाई. त्यांनी लिहिलं, "हे पत्र्याचं यान मला खऱ्या आकाशात घेऊन गेलं. उतरायच्या आत बघून घ्या." लोकांनी बघितलं! रडले, पुन्हा गेले, शेजाऱ्यांना घेऊन गेले! भार्गवचं नाव झालं. तो पेढे घेऊन इंदुताईंच्या घरी गेला, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "ताई, तुमच्यासारखं खरं लिहिणारं कुणी नाही!"

लक्षात ठेवा हं हे वाक्य. कौतुक झालं की समोरचा खराच वाटतो!

मग आले मेघराजशेठ. मोठे निर्माते. म्हणाले, "भार्गव, दुसरा भाग काढू." अहो, पण शेवटचं यान म्हटल्यावर दुसरं कुठून आलं? — ते शेठना विचारा! शेवटच्यानंतरसुद्धा एक असतं, हे फक्त सिनेमावाल्यांना आणि लग्नात फोटो काढणाऱ्यांनाच ठाऊक!

पैशाला तोटा नव्हता. कॉम्प्युटरवर ग्रह उभे केले, हजारो यानं उडवली. हे सगळं चितारणाऱ्या मुलांची प्रमुख होती नसीमा मुल्ला. इचलकरंजीची पोर, बोटांत जादू! डोळे सुजेपर्यंत त्या मुलांनी काम केलं. आणि शुक्रवारी सिनेमा लागला.

शनिवारी सकाळी पेपर आले. एकानं लिहिलं, "डोळे दिपले, मन कोरडं राहिलं." दुसऱ्यानं लिहिलं, "आवाज मोठा, गोष्ट छोटी." भार्गव म्हणाला, "जळतात लेकाचे!" आणि मग त्यानं इंदुताईंचं उघडलं. त्या लिहितात, "पहिल्या भागात एक मुलगी जांभई आवरत होती आणि आमचा जीव टांगणीला लागला होता. या भागात अख्खा ग्रह फुटला आणि मी घड्याळ बघितलं."

हाय हाय! काय झालं असेल त्या माणसाचं? हातातला चहा तसाच खाली ठेवला हो! बायको म्हणाली, "अहो, पुढचं तरी वाचा." वाचतो कुठला! पेपर भिरकावला. "हिनंच मला वर काढलं आणि हिनंच पाडलं!"

तेवढ्यात शेठचा फोन. "रडू नकोस. संध्याकाळी पत्रकारांना बोलावलंय. कॅमेरे असतील. तू एवढंच म्हणायचं — इंदुमतीबाई विकल्या गेल्या, दुसऱ्या कंपनीनं त्यांना फितवलं. उद्या लोक सिनेमाबद्दल नाही, बाईबद्दल बोलतील. आणि तिसरा भाग तुझाच!"

"पण शेठ, पुरावा?"

"पुरावा कोण मागतंय?"

मंडळी, राग आलेला माणूस आणि उतारावरची सायकल! भार्गव म्हणाला, "म्हणतो!"

म्हणाला खरा, पण मन खात होतं. वाटलं, दुपारच्या खेळाला जाऊन बसू. लोक टाळ्या वाजवताना कानांनी ऐकू, म्हणजे संध्याकाळी जीभ अडखळणार नाही. डोक्याला टोपी, तोंडाला रुमाल, आणि स्वारी थिएटरात मागच्या रांगेत!

पुढच्या रांगेत एक आजोबा आणि त्यांची नात. पडद्यावर धडाधड यानं फुटताहेत. आजोबा विचारतात, "बाळा, हा मेला तो कोण गं?"

"काय माहीत आजोबा. मघाशी पण एक मेला."

"आपल्यातला की त्यांच्यातला?"

"ते मध्यंतरात विचारू."

हसू नका! भार्गवच्या काळजात सुरी फिरत होती. आणि मग आला तो मोठा प्रसंग, ग्रह फुटण्याचा. ज्यासाठी त्यानं झोप घालवली, नसीमाच्या पोरांना घरी जाऊ दिलं नाही, तो प्रसंग! कानठळ्या बसल्या, थिएटर हाललं, आणि भार्गवनं पाहिलं — आपलाच हात मनगटाशी गेलाय. तो स्वतः घड्याळ बघत होता!

मध्यंतर झालं, दिवे लागले. कोपऱ्यात कोण बसलंय? पांढरे केस, नाकावर चष्मा, मांडीवर पिशवी — इंदुताई! भार्गव ताडकन उठला, रुमाल खाली ओढला.

"ताई? तुम्ही इथं? लिहून झालं ना मनासारखं? आता गंमत बघायला आलात?"

इंदुताई दचकल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "बस."

"बसत नाही!"

"बरं, उभा राहा. पण ऐक. गुरुवारी आम्हा पत्रकारांना दाखवलास तेव्हा माझ्या अंगात कणकण होती. लिहून दिलं, पण जीवाला चैन पडेना. म्हटलं, मीच नीट बघितलं नसेल तर? भार्गवचं काम आहे, इतकं कोरडं कसं असेल? म्हणून तिकीट काढून पुन्हा आले. चुकले असेन तर उद्याच्या पेपरात तसं छापणार होते."

भार्गवचा आवाज खाली आला. "मग? चुकलात?"

त्या म्हणाल्या, "नाही रे. चुकले असते तर फार बरं झालं असतं."

मंडळी, असं कोण म्हणतं हो! आपण खरे ठरलो याचं दुःख होणारं माणूस बघितलंय कधी?

भार्गव मटकन शेजारच्या खुर्चीत बसला. "ताई, थोडं सांभाळून लिहिलं असतं तर? माझ्यासाठी?"

"पहिल्या यानाला मी चांगलं म्हटलं तेव्हा लोक का आले? माझ्या शब्दावर आले. आज तुझ्यासाठी खोटं लिहिलं असतं, तर तेव्हाचं खरंसुद्धा खोटं पडलं असतं. तुझं ते यान मला फार प्रिय आहे, भार्गव. त्याला मी धक्का लागू देणार नाही. तूही लावू नकोस."

दिवे मालवले. दुसरा अर्धा भाग दोघांनी शेजारी बसून बघितला. एकदा अंधारात त्या म्हणाल्या, "हा समुद्र कुणी काढलाय? लाटेवरचा उजेड बघ! मी लिहिलंय त्याबद्दल, शेवटी. वाचलंस?" त्यानं कुठलं वाचलंय! पण तो म्हणाला, "नसीमानं." आणि त्याचे डोळे भरून आले.

संध्याकाळ झाली. कॅमेरे लागले, शेठ शेजारी, नसीमा आणि तिची पोरं मागं मान खाली घालून उभी. शेठनी कोपरानं ढोसलं, "बोल!"

भार्गव उठला. म्हणाला, "इंदुमती वर्टीकर यांच्याविषयी मला इथं काही बोलायला सांगितलं होतं. ते खोटं आहे. त्यांनी लिहिलं तेच खरं आहे. ही मागं उभी आहेत ना, यांनी आकाश काढलं, समुद्र काढला, यांच्या कामात खोट नाही. त्या आकाशात माणूस ठेवायचा विसरलो तो मी! या मुलांचे मी आभार मानतो. आणि मला जागं करणाऱ्या बाईचे आभार मानतो."

शेठ उठून गेले. तिसरा भाग दुसऱ्याला दिला. सिनेमा थोडे दिवस गडगडला आणि उतरला. चमत्कार नाही झाला, मंडळी! पण सोमवारी नसीमा भार्गवच्या दारात उभी. म्हणाली, "सर, तुम्ही आमचं नाव घेतलंत. अम्मीनं टीव्हीवर बघितलं, रडली. आता छोटं काही काढणार असाल तर आम्ही आहोत."

काढलं! वेधशाळेतल्या एका पहारेकऱ्याची साधी गोष्ट. इंदुताईंनी भरभरून लिहिलं, आणि शेवटी एक ओळ — "पूर्वार्ध मात्र लांबलाय." भार्गव ते वाचून इतका हसला की ठसका लागला! लगेच फोन केला. "ताई, पूर्वार्ध लांबलाय, कबूल. पण तुम्ही आहात म्हणून मला माझी उंची कळते. देवानं तुम्हाला माझ्यासाठी ठेवलंय."

 पलीकडून इंदुताई म्हणाल्या, "इतकी वर्षं लिहितेय रे. थँक्यू म्हणायला फोन करणारा तू पहिलाच."

ऐकलंत? आता तुमच्याकडे वळतो. कुठं निघालात आजी, बसा! तुमच्या घरात एक सून असेल — "आई, आज औषध घ्यायचं विसरलात" म्हणणारी. एक मित्र असेल, "तू पोराशी फार कडू बोलतोस" सांगणारा. त्याला तुम्ही टाळता ना? रस्ता बदलता ना? अहो, तो तुमच्या बाजूनं उभा आहे म्हणून बोलतो! परक्याला काय पडलंय? परका "छान" म्हणतो आणि निघून जातो.

देव काही दर वेळी शंखचक्र घेऊन येत नाही. कधी कधी चष्मा लावून येतो, आणि म्हणतो, "बाळ, हे पुन्हा कर." आज घरी गेलात की आरतीच्या आधी त्या एका माणसाला फोन लावा. भांडण उकरू नका, कारण सांगू नका. नुसतं म्हणा, "तुझं बरोबर होतं. बरं झालं सांगितलंस."

लावाल ना? मोठ्यानं सांगा! ... आवाज कमी आला, उजव्या बाजूचा! — हां, आता आला! धरा टाळ, मृदंगराव, सोडा हात, आणि ज्यानं आपल्याला खरं बोलणारी माणसं दिली त्याचं नाव घ्या, विठ्ठल विठ्ठल!