ठोकळ्यांवरची चिनी गाडी

हवालदार: चहा मंग ठेवा, चेन डाक्टर. आधी हे सांगा. गाडी लाकडाच्या ठोकळ्यावर हाये, मांगचे चाकं जमिनीच्या वर हायेत, अन् तरी मीटर पुढं गेलं. कसं?

डॉक्टर: मीटर जुनं हाये, जानराव.

हवालदार: जुनं मीटर बंद पडते. पुढं नाई जात. चीनसंग लढाई झाली तवा गाडी ठोकळ्यावर चढली, मी सोता येऊन आकडा पाह्यला होता. आज पाह्यतो तं भलताच. अन् तो पंपवाला सांगते, चेन डाक्टर डबा घेऊन येतात, पेट्रोल नेतात. ठोकळ्यावरची गाडी पेट्रोल पेते?

डॉक्टर: पेते थोडं.

हवालदार: हासू नका.

डॉक्टर: मी हासलो नाई.

हवालदार: तुमच्या तोंडावरून कळतच नाई. दात उपटता तवा बी तुमचं तोंड असंच राह्यते. हे पाहा डाक्टर, तुमचा अर्ज सायबाच्या टेबलावर हाये. शकुनबाई वारल्या, त्याच्या वर्षाच्या कार्यक्रमाले अमरावतीले जायाचा. पुढच्या रविवारी हाये ना?

डॉक्टर: पुढच्या रविवारी.

हवालदार: सायेब म्हणे, जानराव, आधी त्या माणसाची गाडी पाहून ये, मंग सहीचं पाहू. मी म्हटलं, ठोकळ्यावरच्या गाडीत पाह्याचं काय? आलो आपला सहज. अन् हे निंगालं. आता मी जाऊन काय सांगू? चिनी माणूस परवानगी नसतानी अकोल्याची हद्द वलांडून फिरून राह्यला, असं सांगू?

डॉक्टर: मी हद्द ओलांडली नाई.

हवालदार: मीटर म्हणते वलांडली. अर्ज तं जाईनच, वरून तुमाले बी पाठवतील राजस्थानातल्या त्या छावणीत. बाकीचे चिनी गेले तसे.

पुंजाजी: कोणाले पाठवून राह्यले, हवालदारसायेब? जय भीम. जवाईबुवा, दवाखाना उघडा अन् तुमी इथं अंगणाच्या दारात उभे?

हवालदार: आला, पुंजाजी मिस्त्री आला. बरं झालं. अन् हे तुह्ये जवाई कोणत्या नात्यानं, बाबा?

पुंजाजी: शकुन आमच्या गल्लीतली पोरगी, अमरावतीची. तिचा नवरा म्हणजे आख्ख्या गल्लीचा जवाई. काय झालं?

हवालदार: या गाडीचा बाप तूच ना? मीटर चाललं तिचं.

पुंजाजी: बाप नाई, मी सुईण. अन् मीटर चालनच. दर रविवारी मी येतो, इंजिन लावतो, गेअर टाकतो, मांगचे चाकं फिरवतो. गाडी बसून राह्यली का आतून गंजते, माणसासारखी. मीटरची तार येते गेअरच्या पेटीतून. पेटीले काय माहीत, चाकाखाली सडक हाये का हवा?

हवालदार: हे मी मानू?

पुंजाजी: नका मानू. चाला, बसून पाहा.

(तिघं मागच्या अंगणात गाडीपाशी येतात.)

हवालदार: हे दार उलटं काहून उघडते?

पुंजाजी: दुसऱ्या गाडीचं हाये.

हवालदार: थांब. हे बी मले सांगाचं हाये वर. सायबानं इचारलं, गाडी कोणत्या देशाची? गावात तं समदे चिनी गाडीच म्हणतात. कोणी म्हणते जहाजात बसून आली. कोणी म्हणते टपात वायरलेस हाये. डाक्टर, चीनमधी गाड्या बनतात का?

डॉक्टर: आता बनतात म्हणे. मी पेपरात फोटो पाह्यला होता एकदा. चार दाराची होती. खरी नाई पाह्यली.

हवालदार: अन् चीन?

डॉक्टर: चीन बी नाई पाह्यला. बाप कलकत्त्याले उतरला, मी तिथं जन्मलो. पाह्यला असता तं बरं झालं असतं. लोक इचारतात, काही तरी सांगता आलं असतं.

हवालदार: मंग मी गाडीचा देश कोणता सांगू?

पुंजाजी: आपली अकोल्याची जठारपेठ सांगा.

हवालदार: पुंजाजी, मस्करी नको.

पुंजाजी: मस्करी नाई. ऐका. खालचा सांगाडा मिलिटरीच्या लिलावातला. इंग्रज गेला तवा डाक्टरनं घेतला. दोन दाराची गाडी, इंजिन मेलेलं. मंग एका कापसाच्या जिनवाल्याची गाडी नाल्यात पलटली, जिनवाला वाचला अन् इंजिन वाचलं. ते इंजिन इच्यात बसवलं. मंग झालं डाक्टरचं लग्न. शकुनची माय पयल्यांदा बसाले आली, पार्वताबाई. मांगं जायाचं तं पुढची सीट वाकवा लागे. म्हातारी मधातच अडकली. ना आत जाय ना बाहेर निंगे. शकुन म्हणे, पुंजाभाऊ, माह्या मायले खिडकीतून वढू का आता? तवा मी मांगं दोन दारं कापली. अमरावतीच्या भंगारात दारं भेटली, त्याईची बिजागिरी मांगच्या अंगाले. म्हणून उलटी उघडतात.

हवालदार: अन् हा टप असा फुगला काहून? वायरलेस इथंच म्हणतात.

पुंजाजी: इथं खुशालरावमामाचा फेटा राह्यते. शकुनचा मामा. फेटा काढाले तयार नाई अन् गाडीत बसाले सगळ्यात पुढं. म्हटलं, मामाले कमी करता येत नाई, टप वर घ्या. चार बोटं उचलला.

डॉक्टर: सीटचं बी सांगा, पुंजाभाऊ.

पुंजाजी: हां. ही पुढची सीट अशी मांगं पडते. चांदूर बाजारच्या बाजारात, अंजनगावच्या बाजारात हे दोघं जात. डाक्टर दात काढे, शकुन डोकं धरे. दाताची खुर्ची एवढी जड, कोण वाहून नेते? सीटचीच खुर्ची केली.

हवालदार: माह्या मायचे दात याच सीटवर काढले. अंजनगावले.

डॉक्टर: दुर्गाबाईचे. कवळी बसते ना बरोबर?

हवालदार: बसते ना. सुनेसंग भांडासाठी खास लावते.

पुंजाजी: अन् रंग. आधी काळी होती गाडी. छप्पन साली दीक्षेले नागपूरले जायाचं ठरलं. शकुन म्हणे, आपण समदे पांढऱ्या कपड्यात अन् गाडी काळी, बरं दिसते का? केली पांढरी. वाळली नव्हती तं निंगालो. समद्या बायाच्या लुगड्याले रंग लागला. पांढऱ्यावर पांढरा, कोणाले दिसलाच नाई.

हवालदार: म्हणजे देश नाई हिले.

डॉक्टर: शकुन सांगे, पुंजाभाऊ करे. एवढंच हाये. कंपनी म्हणा, देश म्हणा.

हवालदार: बरं. मी मांगं बसतो. चालवून दाखवा.

पुंजाजी: सरका जवाईबुवा, मी बसतो स्टेरिंगवर.

डॉक्टर: नाई. मी बसतो.

पुंजाजी: तुमी कायले? मी दाखवतो ना.

डॉक्टर: पुंजाभाऊ, तुमी माह्यासाठी खोटं नका बोलू. जानराव, हे रविवारी येत नाईत. रविवारी गाडी मीच चालवतो.

हवालदार: पुंजाजी?

पुंजाजी: मी... महिन्यातून एकदा येतो. तेल पाह्याले.

हवालदार: बरं हाये तुमचं. एक मेव्हणा, एक जवाई. लावा इंजिन.

पुंजाजी: पाहा, लागलं. आता गेअर. पाहा मीटरकडं.

हवालदार: हाललं. खरंच हाललं. बसल्या जागी. हे चाकं बी कसे फिरून राह्यले... पण डाक्टर, तुमी आता हळू काहून केलं?

डॉक्टर: म्हशी हायेत. बोरगाव मंजूच्या.

हवालदार: कुठं हायेत?

पुंजाजी: सायेब, थोडं चूप बसा.

हवालदार: भिंत हाये समोर. भिंतीवर वाळवण हाये.

डॉक्टर: आज तुमी हायेत म्हणून लवकर लवकर नेतो. हा काटेपूर्णेचा पूल. इथं शकुन माहा हात दाबे. पुलावर जोरात चालवलेलं तिले पटे नाई. मंग मूर्तिजापूर. तिथं भजे घेतो आमी. ती मिरच्या माह्याकडं टाके.

हवालदार: असा अमरावतीचा समदा रस्ता जाता तुमी?

डॉक्टर: दर रविवारी. सडकेनं लागे तेवढाच वेळ लागते.

पुंजाजी: मले माहीत नव्हतं, जवाईबुवा.

डॉक्टर: सांगण्यासारखं काय होतं त्यात.

हवालदार: अन् अमरावती आली का गाडी बंद करता.

डॉक्टर: अमरावती येत नाई. बडनेऱ्यापर्यंत जातो. मीटरवर पाह्यतो, बडनेरा आलं का परत फिरतो.

हवालदार: बडनेऱ्याहून अमरावती काय दूर हाये?

डॉक्टर: दूर नाई.

हवालदार: मंग? इथं तं तुमाले कोणी अडवत नाई. ना मी, ना सायेब.

डॉक्टर: ती बिमार, माहेरी झोपून होती. निरोप आला, शकुन बोलावते, लवकर या. मी अर्ज केला. सायेब दौऱ्यावर होते. परवानगी आली तवर राख थंडी झाली होती. तिची माय सांगे, सडकेवर मोटारीचा आवाज आला का शकुन दाराकडं पाहे. आता बडनेऱ्याच्या पुढं गेलो तं ते दार हाये. तिथं जाऊन काय सांगू, उशीर काहून झाला?

पुंजाजी: त्यात तुमचा काय गुन्हा?

डॉक्टर: गुन्हा नाई, पुंजाभाऊ. उशीर हाये.

पुंजाजी: तं मंग पुढच्या रविवारचा अर्ज कायले केला?

डॉक्टर: तुमी म्हटलं, करा. पार्वताबाईनं म्हटलं, करा. केला. भेटली परवानगी तं भेटली.

पुंजाजी: अन् भेटली तं जासान ना?

डॉक्टर: बडनेऱ्यापर्यंत तं जाईन.

हवालदार: बंद करा गाडी, डाक्टर.

डॉक्टर: केली.

हवालदार: मी असं सांगतो सायबाले. गाडी ठोकळ्यावरच हाये. इंजिन खराब होऊ नये म्हणून मिस्त्री चाकं फिरवते. त्यानं मीटर चालते, मी सोता आत बसून पाह्यलं. गाडी कोणत्या देशाची नाई, इथंच जोडली. टपात वायरलेस नाई.

पुंजाजी: फेटा सांगा.

हवालदार: फेटा बी सांगतो, तू चूप बस. पण पुढच्या खेपेले माह्याजागी दुसरा कोणी आला, तं तो असा बसून नाई पाह्याचा. आकडा पाहीन अन् लिहीन. म्हणून मीटर बंद पायजे. पुंजाजी, ती तार काढ. आत्ता, माह्यासमोर.

पुंजाजी: काढतो. पण सही होईन का, सायेब? रविवारच्या आत?

हवालदार: ते माह्या हातात नाई. होईन असं बी म्हणत नाई, नाई होणार असं बी म्हणत नाई. सायबानं इचारलं तं मी चांगलं सांगन. इचारलं नाई तं उभा राह्यन, मंग इचारन. माह्यानं तेवढंच होते.

डॉक्टर: तार नका काढू, पुंजाभाऊ.

हवालदार: काहून? इंजिन लावा ना तुमी, मी काही म्हणत नाई. चाकं फिरवा, म्हशी येऊ द्या, पूल येऊ द्या. फक्त मीटर नको.

डॉक्टर: मीटर नसलं तं मले कसं कळन?

हवालदार: काय?

डॉक्टर: बडनेरा आलं म्हणून.

पुंजाजी: निंगाली, सायेब. हे पाहा. नटासकट निंगाली.

हवालदार: ठेव तिकडं डिकीत. अन् दार लाव ते, उलटं उघडते ते. डाक्टर, नाई कळलं तं नाई कळलं. निंगून जासान पुढं एखांद्या रविवारी.