बेताने चालणारी खुर्ची

मंडळी, ऐका. टाळ जरा खाली ठेवा. माणसाला आधार द्यावा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण किती द्यावा?

आपल्या खाडीवर दामोदर तांडेल होडी चालवायचे. अर्धांगाचा झटका आला, डावं अंग गेलं, उजवा हात थरथरता राहिला. खाटेवर पडल्या पडल्या त्यांना खाडी दिसायची — संध्याकाळचं तांबूस पाणी, त्यावर आपली आपण सरकणारी होडी. म्हणायचे, "एकदा धक्क्यापर्यंत माझा मी जाईन, मग न्यायचं तर ने रे देवा."

लेक सुलक्षणा विजेच्या मोटरींच्या कारखान्यात इंजिनीअर. तिने बापासाठी मोटरची खुर्ची केली. दांडी ढकलली की चालू, सोडली की बंद. झालं! थरथरता हात तो — खुर्ची धावे, थांबे, धावे, थांबे. अंगणातच तांडेल तोंडावर आपटले. लागलं थोडं, मन खचलं फार. "पुरे झालं गो बाय. मला खाटेवरच राहू दे."

चुकलं कोण? हात? नाही हो! मोटरला दोनच शब्द ठाऊक — चालू आणि बंद. आपल्या घरी तरी काय? सून एक तर लक्ष्मी, नाही तर अवदसा! (हसू नका, सासूबाई पहिल्याच रांगेत आहेत.)

सुलक्षणा रडली, आणि कामाला लागली. तिने मोटरला मधले शब्द शिकवले — जरासं, बऱ्यापैकी, बेताने. त्यांच्या विद्येत याला फजी लॉजिक म्हणतात. शिवाय खुर्ची हाताची सवय शिकत जाईल, अशी तजवीज केली. सकाळी बोटं आखडलेली, तिन्हीसांजेला सैल. म्हणून खुर्चीने आपला नियमही वेळेप्रमाणे थोडा बदलायचा.

"बाबा, एकदाच बसा."

"पडलो तर?"

"पडलात तर मी चुकले. तुम्ही नाही."

बसले. दांडीला हात लावला. हात थरथरला — खुर्ची थरथरली नाही. सरकली... पाण्यावरून होडी सरकावी तशी. मागे सुलक्षणेचे हात शिवशिवत होते, धरावं का? तिने ते ओढणीत गुंडाळून घेतले. तांडेल अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पुटपुटले, "भरती लागली वाटतं." धक्क्यावर पोचले तेव्हा पाणी खरंच तांबूस झालं होतं.

मंडळी, आज तांडेल मंडपात आले तेव्हा चार-पाच जण खुर्ची ढकलायला धावलात. प्रेमानेच धावलात, मान्य. पण ते खाटेवर होते तेव्हा त्यांच्या दारात कोण गेलं होतं? एक तर चालू, नाही तर बंद!

आता आरती होईल. ते मागून पुढे येतील — हात थरथरत, पण त्यांचे ते. वाट तेवढी द्या. हात कोणी लावू नका.