मौद्याच्या पटांगणावर सुभेदार साहेब पडले

जय भीम, नमस्कार. वहिनी, साहेबांचे लेक-सून, विहारातली मंडळी आणि आमच्या दोन्ही फौजांचे जवान. तुम्ही मले साहेबांच्या शोकसभेत बोलायले उभं तर केलं, पण जीभ आज माझा हुकूम ऐकून नाही राहिली. सांभाळून घ्या.

मी रिटायर हवालदार देवराव कुंभलकर. सुभेदार वामनराव गजभिये साहेब पलटणीतून घरी आले आणि घरच्याईच्या नाकी नऊ आणले. दारातल्या चपला रांगेत पाहिजेत. सूनबाईचा कुकर टायमावर पाहिजे. शेवटी वहिनीच म्हणे, "याईले कुठंतरी लढायले न्या हो कोणी."

मंग आम्ही नागपूरचे सारे रिटायर फौजी जमलो. दर हिवाळ्यात सीताबर्डीची लढाई करून दाखवायची, असं ठरलं. लकडगंजातून लाकूड आणून बंदुका केल्या. अंगरखे वहिनीनं शिवले. साहेब झाले भोसल्यांचे जमादार. मी इंग्रजांचा कप्तान. काहून? दुसरं कोणी इंग्रज व्हायलेच तयार नव्हतं. मले टोपी बसली, झालं.

आमचा नियम एकच. जो पडला, त्यानं शेवटची शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही. पण साहेब पडतच नव्हते ना. मी फटाका फोडतो, बंदूक रोखतो, आणि हा माणूस मिशीवर हात फिरवत पुढंच येऊन राहिला. म्हणे, "कुंभलकर, सीमेवर गोळीनं नाही पडलो. तुह्या सुतळी बॉम्बनं पडू काय?" इतिहासात इंग्रज जिंकले असतील. आमच्या लढाईत दरसाली मी हरलो.

शेवटी वहिनीनं सांगतलं, "पडा ना जी एकडाव. लोकाईले घरी जाऊ द्या."

ते एकडाव झालं मौद्याले, शाळेच्या पटांगणावर. साहेब पडले. आणि काय पडले. पोट्ट्याईनं टाळ्या वाजवल्या. मलेच वाईट वाटलं. मंग धूळ उडाली, धूर झाला, दोन्ही फौजा एकमेकीत घुसल्या, कोण कोणाचा काही समजेना. तेवढ्यात जमिनीवरून, मेलेल्या माणसाच्या तोंडातून आवाज आला, "सावधान."

दोन्ही फौजा जागच्या जागी सावधान. मी इंग्रजांचा कप्तान, माझ्याही टाचा जुळल्या. सवय कुठं जाते? आणि मेलेले होते ना, तेही सारे उठून सावधान. हेडबाई मले विचारते, "सर, मंग जिंकलं कोण?"

येताना टेम्पोत मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तर मेले होते ना?" म्हणे, "लाईन वाकडी झाली होती गा. मेलो तरी दिसते ना मले."

आता यंदाची लढाई तोंडावर आली आहे. खरं सांगतो, यंदापासून बंदच करू, असं मीच साऱ्याईले म्हटलं होतं. त्याईच्याशिवाय कोणासंग लढू? मले नव्हतं जमत. काल हेच सांगायले वहिनीकडं गेलो. त्या आत गेल्या आणि साहेबांचा अंगरखा घेऊन आल्या. धुतलेला, इस्त्री केलेला. म्हणे, "भाऊजी, तुम्हाले लांब होईल. उभे राहा, माप घेते." मी उभा राहिलो. मले रडू आलं. वहिनी म्हणे, "हालू नका, टाचणी टोचंल."

तर वहिनी, यंदा लढाई होईल. मी भोसल्यांकडून लढीन आणि साहेबांच्या जागी पडीन. इंग्रजांनो, तुमचा कप्तान तुम्ही पाहा.

आता सारे उभे राहा. दोन मिनिटं शांत राहू. जवान हो, खांद्याले खांदा लावा. टाचा जुळवा. हुकूम आज मले द्यावा लागते, आणि माझा आवाज काही साहेबांसारखा नाही. मौद्याले हा हुकूम ऐकून मेलेले उठले होते. साहेब, आज तुम्ही उठू नका. आराम करा. आम्ही आहो.

पाहा साहेब, लाईन सरळ आहे.

सावधान.