काकीचे कान

लिवा तुम्ही, पन माझं नाव बदला, काकीचं पन बदला. आमची वाडी वरंधच्या वरच्या अंगाला, घाट चढाय लागलात की डाव्या हाताला पायवाट फुटते तिथं. सोळा घरं, त्यातली निम्मी कुलपात, मानसं सगळी मुंबईला. मी दीड वर्षाचा असताना आई गेली आनि बापानं मला उचलून काकीच्या मांडीवर ठेवला. काकी म्हंजे माझ्या चुलत्याची बायको, तिला पोरबाळ नव्हतं, तर मीच तिचा. नाम्या नाम्या करत तिनं वाढवला मला. आई कशी दिसायची ते मला विचारू नका, मला काकीच दिसते.

काय सांगू तुम्हाला, काकीचे कान भारी तिखट. घाटात गाडी आली की ही चुलीपाशी बसून सांगायची, ट्रक हाय, भरलेला हाय, आत्ता गेर बदललान. ही येष्टी. ही आपल्या नाम्याची जीप. पुढं मोतीबिंदूनं डोळे गेल्यात जमा झाले, आपरेशन कर गो बोललो तर नको बोलली, तरी रस्त्यानं एकटी जायची, कानाच्या भरवशावर. आमच्यात सगळेच तसे चालतात म्हना. वळनाच्या पलीकडलं दिसत नाय, मंग आवाज आला की दरडीला चिकटायचं, गाडी गेली की परत रस्त्यावर. हे कोन शिकवत नाय, चालता चालता येतं.

मी ड्रायवर. वीस वर्सं जीप मारली, वरंध-महाड, महाड-भोर. माझा उस्ताद सांगायचा, घाटात ब्रेकच्या आधी हॉर्न. तो हात एकदा बसला की बसला, झोपेत पन वळन आलं तर अंगठा दाबतो, बायको हसायची. मंग जीपचं खटलं परवडंना, तर एमआयडीसीत एका ठेकेदाराकडं लागलो, बिरवाडीत खोली घेतली, साहेबलोकांना ने-आन करायची.

तर त्यात ती बॅटरीची गाडी आली. एक जुनी मोठी कंपनी, बापजाद्यांपासून गाड्या बनवनारी, आनि एक नवीन कंपनी, नुसती पोरं, चष्मेवाली, हुशार, त्याला स्टार्टप बोलतात. दोघांचं टायअप झालं. बॉडी ह्यांची, बॅटरी नि मोटार त्यांची. मी काकीला सांगितलं तर ती बोलली, म्हंजे अर्धेलीचं शेत काय रे, जमीन एकाची नि राबनारा दुसरा? मी हसलो, व्हय बोललो, तसंच. गाडी घाटात चालवून बघायची व्हती आनि घाटाचा ड्रायवर पायजे व्हता, ठेकेदारानं मला पाठवला.

गाडी काय गुनी, खरं बोलायचं तर. आवाज म्हनून नाय. उतारावर आपली आपन सावरायची. आत छताला माईक लावलेला, गाडी किती शांत चालते ते मोजायला, बाजूला स्टार्टपचा पोरगा मांडीवर कम्पूटर घेऊन. पहिल्याच फेरीत मी वळनावर हॉर्न दिला. तो बोलला, अंकल, हॉर्न नको, रेकॉर्डिंग खराब होतं. परत वर जा, परत उतर. दुसऱ्या फेरीत परत माझा हात गेला, परत वरनं. तिसऱ्या फेरीला मागं बसलेला मोठ्या कंपनीचा साहेब तापला, बोलला, तुला जमत नसंल तर दुसरा ड्रायवर बघतो. चौथ्या फेरीत आमच्या वाडीखालचं वळन आलं. हात हॉर्नवर गेला, आनि मी मागं घेतला. एवढंच केलं मी. वीस वर्सांत पहिल्यांदा.

वळनापलीकडं काकी. खालच्या वाडीत बारशाला चाललेली, धुवट लुगडं नेसून, रस्त्याच्या मधनं. आवाजच नाय तर ती दरडीला जानार कशी? ब्रेक दाबला पन लागलीच. खुब्याचं हाड मोडलं. मी उचलली तर बोलली, नाम्या, तू कुठनं आलास रे, आनि मला लागलं कसलं?

मंग चालू झालं. मोठी कंपनी बोलली, चाचनी त्यांची. स्टार्टपवाले बोलले, गाडी त्यांच्या नावाची. ठेकेदार बोलला, मी नुसती मानसं पुरवतो. अर्धेलीच्या शेतात पीक दोघांचं, पन बैल मेला तर तो कुनाचाच नाय. शेवटी एक काम मात्र दोघांनी मिळून केलं, माझा जबाब टाइप करून आनला. मी हॉर्न दिला, पन सदर वृद्ध महिला कानानं बहिरी असल्यामुळं तिला ऐकू आला नाय. सही कर, काकीचं औषधपानी आम्ही बघतो, नायतर लायसन जाईल आनि आत जाशील. मी बोललो, आनि माईकमधलं? तो पोरगा खाली बघून बोलला, अंकल, त्या फेरीचं रेकॉर्डिंग निघालं नाय.

मी सही केली. मला माझी लाज वाटते, पन केली.

संध्याकाळी दवाखान्यात काकीला सगळं सांगितलं, हॉर्न दिला नाय ते, आनि कागदावर तिला बहिरी केली ते पन. ती बोलली फक्त, मी भैरी? आनि तोंड भिंतीकडं केलं.

सकाळी हवालदार आला तिचा जबाब घ्यायला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. आजी, हॉर्न ऐकलात का? परत विचारलान. तवा ती बोलली, काय म्हनतोस बाबा, मोठ्यानं बोल, मला ऐकाय येत नाय. तिसऱ्यांदा तो वरडला, तरी तिचं तेच. त्यानं लिवून घेतलं, बहिरी, आनि गेला. माझी नोकरी राहिली.

आता काकीला वाडीत आनलीय, पडूनच असते. ती गाडी बाजारात आली, आता म्हनं तिला बारीक आवाज बसवलाय, रस्त्यावरल्या मानसांसाठी. बरं झालं. पन काकी त्या दिवसापासनं बहिरीच हाय, सगळ्यांना. पोरं मागनं टाळ्या वाजवून बघतात, वळत नाय. बायका वरडून बोलतात तिच्याशी, बिचारी बोलतात.

रविवारी मी बिरवाडीवरनं जातो. कोन नाय बघून तिच्या कानाशी वाकतो, अगदी हळू बोलतो, काकी, माझं चुकलं गो. ती डोळे मिटूनच बोलते, मोठ्यानं बोल रे नाम्या, मला ऐकाय येत नाय. आता मोठ्यानं बोललो तर अख्खी वाडी ऐकंल. मंग मी तिला पानी पाजतो, उशी सारखी करतो, आनि बाहेर येतो.