मंदाताईचा रविवार

मी मूळची परभणीकडची, ताई. बारावी झाली अन् लगेच लग्न. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर, म्हणून कुरुळीत आलो, अन् मी लागले वायरिंगच्या कंपनीत. गाडीच्या आत वायरींचा जुडगा असतो ना, तो बांधायचा, टेप गुंडाळायची, दिवसभर उभ्यानं. हे पाय सुजलेले बघायलात ना, ते तेव्हापासूनचे.

तर एक दिवस एचआरच्या मॅडम लाइनवर आल्या, म्हणाल्या ज्याला डिप्लोमा करायचा त्याची फी कंपनी भरणार, पास झालात तर क्वालिटीला, माल तपासायला टेबल-खुर्चीवर बसाल. काय सांगू तुम्हाला, मला डिप्लोम्याच्या आधी ती खुर्चीच दिसली. हसू नका, आठ-आठ तास उभं राहून बघा एकदा.

नाव दिलं, लागलं पण. मग कळलं कॉलेज भरतंय रविवारी. अन् आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, रविवारी सगळं जग झोपलेलं असतं अन् आमचा भोंगा वाजायलाय. मॅडमकडं गेले तर म्हणाल्या, फी माझ्या हातात, सुट्टी सुपरवायझरच्या. सुपरवायझर म्हणाला, फी ज्यांनी दिली त्यांनाच माग. म्हणजे ताट वाढायचं अन् हात बांधायचे.

पण आमच्या लाइनवर एकीला रविवार मिळायचा. तिनं गुरुवारी येऊन मशीनच्या साफसफाईला थांबायचं, बदल्यात रविवार घ्यायचा. तो होता मंदाताईकडं. मंदाताई कुरुळीचीच, नवरा वारलेला, एकच पोरगी, ती तळेगावला होस्टेलात, अन् तिथं भेटायला सोडायचे फक्त रविवारी. त्यापायीच तिनं साहेबासंगं भांडून तो रविवार घेतलेला. मी मागितला नाही, खरंच नाही. जेवताना नुसतं म्हणाले, मी नाव काढून घेते. तर म्हणती कशी, आगं येडी का काय तू, फुकाट शिकवत्यात तर माजा रविवार घे अन् जा की, माजी पोर काय कुटं पळून चाललीय व्हय?

अन् तीन वर्षं गेली की हो. गुरुवारी साफसफाई, रविवारी कॉलेज, मला सुट्टी अशी राहिलीच नाही. वर्गात सर फळ्यावर आकृत्या काढायचे अन् माझी मान झोपेनं खाली. मंदाताईला गुरुवार मिळाला, पण गुरुवारी होस्टेलचं फाटक कुठं उघडतंय. रविवारी जेवायच्या सुट्टीत ती पोरीला फोन करायची अन् सोमवारी मला सांगायची. काल लई भांडली, का येत न्हाईस म्हणून. मग पुढं, काल लवकर ठेवला, अभ्यास हाय म्हणली. मग मंदाताईनं सांगायचंच सोडलं, अन् माझ्यानं विचारवंना.

पास झाले. कंपनीनं बुके दिला, फोटो काढला. खुर्चीचं विचारलं तर म्हणाले, जागा निघाली की बघू. दुसरीकडं जावं तर तेही नाही, फी घेतली तर अमुक वर्षं इथंच राहायचं असं लिहून दिलंय. पण निकालाच्या दिवशीच मी मंदाताईला म्हणाले, बाई, तुझा रविवार तू घे.

गेली ती, गुळपोळ्या करून गेली. सोमवारी विचारलं, कशी आहे पोरगी? टेप गुंडाळायला घेतली. मग म्हणाली, चांगली बोलली की. पाणी दिलं. म्हणली, आई, एवढ्या लांब कशाला येतीस, दमत असशील. पाहुण्याला बोलावं तशी बोलली बघ.

तरी जाती ती दर रविवारी. अन् मी रविवारी तिच्या जागेवर उभी राहते, तेच जुडगे, तीच टेप. थकवा आलाय ताई आता. खुर्चीचं काय, मिळंल तेव्हा मिळंल. देवाला एवढंच म्हणते, त्या पोरीला एकदा आईसंगं पहिल्यावाणी भांडू दे.