शेटजींची सूर्यचूल

आधी चहा खाली ठेवा, नायतर सांडाल. आमच्या बालवाडीला मुंबईच्या एका शेटजींनी सूर्यचूल दान दिली. पोरांची खिचडी उन्हावर शिजायची. एकदा हे शाकाहारी शेटजी न सांगता आले आणि चूल गार बघून भडकले, "तुम्ही वापरतच नाही! परत नेतो."

बालवाडीत खिचडी रांधणारी यशोदा रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "शेटजी, झाकण तर उघडा. आत खिचडी असंल."

त्यांनी उघडलं. टोपातनं जिवंत खेकडा आला आणि त्यानं शेटजींचं धोतरच धरलं! शेटजी किंचाळले, मीबी मागं उडी मारली.

यशोदा मात्र हात जोडून म्हणाली, "वापरतो हो शेटजी! माझं कालवणपण यातच शिजतं. सकाळधरनं ठेवलंय, आज ऊनच नाय त्याला मी काय करू?"