घसरगुंडी धुतली तेव्हा

धायरीहून निघालेल्या बसमध्ये भाग्यश्रीच्या पुढच्या सीटवर दोघी जावा बसल्या होत्या. धाकटी कौशल्या एका सोसायटीत झाडलोट करायची. थोरलीचा आवाज चढला, तशी भाग्यश्रीने कानातली गाणी बंद केली.

"दवाखान्यात जाऊन करणार काय तू? पोरीची आई तुला दारात तरी उभी करंल का?"

"लांबून बघते, आक्का."

"घसरगुंडीला ॲसिड लावायचं सुचलं कुणाला?"

"चेअरमनसायबांनीच बाटली दिली. म्हणाले, संडासाची फरशी चमकवतीस तशी चमकव, पाहुणे येणार हायेत."

"मग लगेच धुवायची."

"नळी लावली तर टाकीत थेंब नाही. वर सायबांना सांगायला गेले. म्हणाले, टँकर उद्या येईल, आज राहू दे."

"आणि तू तशीच सोडलीस?"

"दोरी बांधली व्हती, आक्का. पोरं दोरीखालनं गेली. ती पोरगी घसरत आली ती किंचाळतच. मांड्या सोलून निघाल्या."

"टँकर मग दुसऱ्या दिवशीच आला?"

"नाही. पोरीची रिक्षा गेटबाहेर पडते न पडते, तोच टँकर आत. पोलीस यायच्या आत घसरगुंडी धुऊन स्वच्छ."

"धुतली कुणी?"

"मीच, आक्का. पाणी भरपूर व्हतं."